दारू सुटल्यानंतरची सोबत : आधारगटाची निवड

दारू थांबवणे हे आठवड्याभराचे काम असते आणि ते डॉक्टरांच्या हातचे असते. ती थांबलेली राहणे हे पुढच्या अनेक वर्षांचे काम, आणि त्यात डॉक्टरांचा वाटा थोडाच. आधारगट असतो तो या दुसऱ्या कामासाठी. ही वाटणी ध्यानात न आल्यामुळे बरेच नुकसान होते. सकाळी चहाचा कप धरताना ज्याचे हात थरथरतात, अशा माणसाला नातेवाईक थेट मीटिंगला नेऊन बसवतात. उलट, रुग्णालयातून दहा दिवसांनी ‘बरा’ होऊन आलेला माणूस महिन्याभरात पुन्हा प्यायला लागला, की एवढा खर्च पाण्यात गेला म्हणून घर हाय खाते. त्याला कुठल्या गटात न्यायचे होते, हे त्या घराला कुणी सांगितलेलेच नसते.

पहिल्या कामाविषयी आवश्यक तेवढेच. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू तोडली, तर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, नसलेली माणसे दिसतात, अंगावर किडे चढल्यासारखे वाटते, ताप भरतो, आणि उपचार झाले नाहीत तर यात जीवही जातो. म्हणून हे दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढायचे असतात. भिंतींवर आणि लोकलच्या डब्यांत ‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात. त्या पुड्यांत काय असते हे कळायला मार्ग नसतो. दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम असले आणि त्यावर दारू पोटात गेली, तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. हे औषध पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. नकळत सुटलेली दारू कुणाच्या पाहण्यात असलीच, तर ती फार दिवस सुटलेली राहिली असेल असे वाटत नाही.

गरज किती मोठी आहे, ते दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवरून दिसते. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, आणि त्या वयोगटातल्या २.७ टक्के लोकांना दारूवाचून राहता येत नाही, म्हणजे ते अवलंबित्वाच्या टप्प्यावर आहेत. अशा ३८ जणांमागे एकाला कसली ना कसली मदत मिळाली होती, आणि दाखल होऊन उपचार मिळाले होते ते १८० जणांमागे एकाला. ही तूट मानसोपचारतज्ज्ञ भरून काढतील, अशी आशा निदान या पिढीपुरती तरी करता येत नाही. दोन-तीन खुर्च्या आणि एक खोली एवढ्यावर चालणारा, फी न घेणारा गट इथे उपयोगी पडतो.

दारुड्याने दारुड्याला सावरायचे, ही कल्पना एका माणसाची नाही. १८४० मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात सहा दोस्तांनी गुत्त्यात बसल्या बसल्याच दारू सोडण्याची शपथ घेतली आणि त्यातून ‘वॉशिंग्टोनियन’ नावाची चळवळ उभी राहिली. स्वतःची कहाणी जाहीर सभेत सांगणे, नव्या माणसाला हात धरून आणणे ही रीत त्यांचीच. पण दारूबंदीच्या राजकारणात चळवळ ओढली गेली आणि काही वर्षांतच विरली. पुढे १० जून १९३५ ही तारीख ज्याचा स्थापनादिन मानली जाते, त्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ने, म्हणजे ‘ए.ए.’ने, दारूबंदीसकट कोणत्याही बाहेरच्या वादावर मत द्यायचेच नाही असा नियम केला. न्यूयॉर्कचा शेअर व्यवसायातला बिल विल्सन व्यवहाराच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी गेला होता. व्यवहार फिसकटला, पिण्याची ओढ अनावर झाली, तेव्हा त्याने दुसरा कुणी पिणारा शोधून त्याच्याशी बोलायचे ठरवले. तो निघाला शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ. बिल उपदेश करायला आला नव्हता, स्वतःची दारू टाळायला आला होता. ए.ए.ची सारी रचना या एका गोष्टीवर उभी आहे. १९३९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्यात बारा पायऱ्या मांडल्या गेल्या. गट कसा चालवावा याच्या बारा परंपरा पुढच्या दशकात तयार झाल्या. १९५७ मध्ये हे काम मुंबईत पोचले.

मीटिंग प्रत्यक्षात कशी असते हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जण दारातूनच मागे फिरतात. जागा बहुधा चर्चच्या आवारातली, पालिकेच्या शाळेतली किंवा एखाद्या संस्थेने संध्याकाळपुरती दिलेली खोली. ट्यूबलाइट, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टांगलेला बारा पायऱ्यांचा फलक, कोपऱ्यात चहाचा थर्मास. सूत्रसंचालन आज एकाकडे, पुढच्या वेळी दुसऱ्याकडे. सुरुवातीला एक निवेदन वाचले जाते, मग एकेक जण उठून आपले पहिले नाव सांगतो, आपण अल्कोहोलिक असल्याचे सांगतो आणि बोलतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. मधे कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. साठीचा निवृत्त फौजदार, रिक्षावाला आणि बँकेतला अधिकारी एकामागून एक बोलतात, आणि तिघांच्याही बोलण्यात बाटली कुठे लपवली होती हा तपशील येतो. फ्लशच्या टाकीत, स्कूटरच्या डिकीत, तांदळाच्या डब्यात. हशा पिकतो. परक्या माणसाला हा हशा खटकतो, नवख्या पेशंटची भीती मात्र त्यानेच जाते. शेवटी थैली फिरते. तीत घालायचे तर दहा-वीस रुपये, नाही तर काही नाही. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही, हाही नियमच. ‘खुल्या’ मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कुणीही बसू शकतो. ‘बंद’ मीटिंग फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी. आधी खुल्या मीटिंगला जाऊन मागच्या खुर्चीवर बसावे, बोलण्याची सक्ती नसते.

ए.ए.विषयीचा सर्वांत जुना आक्षेप देवाचा. बारा पायऱ्यांत ‘आपल्यापेक्षा मोठी शक्ती’ येते, आणि ‘आपल्या समजुतीप्रमाणे’ असे म्हटले असले तरी ईश्वरही येतो. मराठी गटांमध्ये या शक्तीचा अर्थ कुणी विठ्ठल लावतो, कुणी येशू, कुणी निसर्ग, आणि काही जण ‘हा गट हीच ती शक्ती’ म्हणून मोकळे होतात. तरीही ज्याला हे पटतच नाही, त्याला ओढूनताणून बसवण्यात हशील नसते. अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्मार्ट रिकव्हरी’त देवही नाही आणि ‘मी अल्कोहोलिक’ असे म्हणवून घेणेही नाही. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा आधार घेऊन तिथे पिण्याची ओढ, तिच्यामागचे विचार आणि त्यांना द्यायचे उत्तर यांचा सराव होतो. मराठी वाचकांना एलिस यांची ओळख नव्याने करून द्यायला नको, कि. मो. फडके यांनी ती कधीच करून दिली आहे. या पद्धतीच्या बैठका इंग्रजीतून ऑनलाइन भरतात. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभे केलेले ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र हे विवेकवादी माणसाने या कामात घातलेल्या लक्षाचे जवळचे उदाहरण. जीन कर्कपॅट्रिक या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७५ मध्ये स्त्रियांसाठी वेगळी संघटना काढली, तिचा आक्षेप आणखी निराळा होता. अहंकार सोडा हा उपदेश पुरुषांना ठीक आहे, पण जिला आधीच आपण कवडीमोल आहोत असे वाटते, तिने आणखी काय सोडायचे? हा प्रश्न आपल्याकडच्या स्त्रियांनाही लागू पडतो.

महाराष्ट्रातला सर्वांत परिचित प्रयोग म्हणजे पुण्यातले ‘मुक्तांगण’. १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळावर ते सुरू केले. तेव्हा धुमाकूळ ‘गर्द’चा, म्हणजे ब्राउन शुगरचा होता, पुढे येणाऱ्यांत दारूचे पेशंट वाढत गेले. इथे ३५ दिवस राहून उपचार होतात, पण त्यानंतरच्या पाठपुराव्याला तितकेच महत्त्व आहे. बरे झालेले मित्रच समुपदेशक होतात, आपापल्या गावी फॉलोअपच्या बैठका घेतात. मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केले. ते स्वतः ए.ए.तून सावरलेले, शिवाय बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य, त्यामुळे तिथे बारा पायऱ्यांना योगासनांची जोड मिळाली. केंद्रातून बाहेर पडताना प्रत्येकाने विचारायचा पहिला प्रश्न असा, की माझ्या गावाजवळ फॉलोअप कुठे आणि कोणत्या वारी असतो.

या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून खेड्यापाड्यांत एक गट चालत आला आहे, त्याला कुणी आधारगट म्हणत नाही एवढेच. तुळशीची माळ घातली की दारू आणि मांसाहार सुटतो. तो सुटलेला राहतो तो एकट्याच्या निश्चयावर नव्हे. संध्याकाळी देवळात हरिपाठ असतो, एकादशी असते, दिंडीत शेजारी चालणारे तेच लोक असतात आणि माळकऱ्याला प्यायला चल म्हणण्याची कुणाची छाती होत नाही. ह.भ.प. बंडातात्या कराडकरांच्या व्यसनमुक्त युवक संघाने हीच ताकद तरुणांसाठी वापरली. रोजचे ठिकाण, ठरलेली वेळ, नवी ओळख, नवे सोबती, आधारगटाला लागते ते सारे इथे आहे. कमी आहे ती एका गोष्टीची. माळ घातलेल्याचा पाय घसरला, तर ते कुणाला सांगायची सोय इथे नसते. तो माळ खुंटीला टांगतो आणि देवळाकडे फिरकेनासा होतो, म्हणजे सोबतीची गरज सर्वांत जास्त असते नेमकी त्याच वेळी. ए.ए.त ‘स्लिप’ झालेला माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तसे सांगू शकतो आणि त्याच्यासाठीही टाळ्या वाजतात. दोन्ही सांभाळणारे लोकही आहेत, गुरुवारी मीटिंग आणि एकादशीला भजन. त्यात विसंगती शोधण्याचे कारण नाही.

गटांचा उपयोग खरोखर होतो का, यावर दीर्घकाळ मतभेद होते. ए.ए. हजेरी ठेवत नाही, सभासदांची नावे नोंदवत नाही, मग मोजणार काय? २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात २७ अभ्यासांतल्या १०,५६५ जणांची माहिती एकत्र तपासली गेली. बारा पायऱ्यांकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षाअखेरी पूर्ण दारूमुक्त असलेले सुमारे ४२ टक्के होते, तर इतर मान्यताप्राप्त उपचार घेतलेल्यांत ३५ टक्के. फरक प्रचंड नाही, आणि हे आकडे मुख्यतः पाश्चात्त्य देशांतले आहेत. पण फुकटचा उपाय महागड्या उपायांना पुरून उरतो, हे त्यातून निश्चित होते. त्याहून उद्बोधक निष्कर्ष अमेरिकेतल्या ‘प्रोजेक्ट मॅच’ या १,७२६ पेशंटांच्या अभ्यासाचा. ज्यांच्या भोवतालची माणसे स्वतः पिणारी आणि पाजणारी होती, त्यांना तीन वर्षांनंतर ए.ए.कडे वळवण्याचा फायदा इतरांपेक्षा ठळकपणे झालेला दिसला. गटाचे तत्त्वज्ञान कोणते, याला आपण वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतो. संध्याकाळी सातला ‘बसायचं का?’ असा फोन करणाऱ्यांच्या जागी दुसरी माणसे आली का, हे जास्त महत्त्वाचे.

निवडीचे निकष यातूनच निघतात, आणि ते अगदी साधे, कुणाला क्षुद्रही वाटावेत असे आहेत. गट घरापासून किंवा कामापासून अर्ध्या तासाच्या आत असावा. त्याची वेळ एरवी पिण्याची जी वेळ होती, तीच असावी. ज्याची दारू संध्याकाळी गिरणीतून किंवा दुकानातून सुटल्यावर सुरू होई, त्याला रविवारी सकाळची मीटिंग विशेष कामाची नाही. भाषा आपली असावी. आयुष्यातली लाजिरवाणी गोष्ट परक्या भाषेत सांगताना माणूस व्याकरणच सांभाळत बसतो. मुंबईसारख्या शहरात इंग्रजी, हिंदी आणि मराठी मीटिंगा वेगळ्या असतात, तेव्हा चौकशी करून जावे. आणि गटात आपल्यासारखा निदान एक जण असावा. वयाने, व्यवसायाने, नाहीतर दुःखाने. पंचविशीतल्या आयटीतल्या मुलाला सगळे पंचावन्नचे दिसले, तर तो दुसऱ्यांदा येत नाही. एका मीटिंगवरून मात्र निकाल देऊ नये. त्या दिवशी एखादा लांबण लावणारा बोलला, तर तो त्या दिवसाचा दोष. चार-सहा वेळा जावे, शक्य असल्यास दोन-तीन निरनिराळे गट पाहावेत. सभा संपल्यावर कोपऱ्यावरच्या टपरीवर चहाला कोण थांबते, हे पाहावे. गटाचे अर्धे काम तिथे होते, फोन नंबर तिथेच मिळतात.

तालुक्याच्या गावात अडचण निराळी. तिथे अनामिकता नावापुरतीच असते, कारण खुर्चीवर बसलेला प्रत्येक जण दुसऱ्याला नावानिशी, आडनावानिशी आणि भावकीसकट ओळखतो. शिक्षक किंवा सरकारी नोकर अशा वेळी शेजारच्या तालुक्यातला गट पसंत करतो आणि एसटीने जातो. त्यात गैर काही नाही. स्त्रियांची कोंडी याहून मोठी. पिणारी बाई ही कल्पनाच ज्या समाजाला झेपत नाही, तिथे पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने उठून बोलणे तिच्याकडून अपेक्षित करणेच चूक. मुक्तांगणने स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा स्वतंत्र विभाग काढला तो यासाठी. जवळपास स्त्रियांचा गट नसेल, तर ऑनलाइन स्त्री-मीटिंग हा आज सर्वांत सुरक्षित दरवाजा आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र उठून यावे. गटातला कुणी जुना सभासद मानसोपचारतज्ज्ञाने दिलेल्या गोळ्या बंद करायला सांगत असेल, तर तो ए.ए.चाच संकेत मोडतो. तिथे कुणी डॉक्टरकी करायची नसते. नैराश्य किंवा दुभंगलेली मनोवस्था दारूच्या आड दडलेली असते, आणि अशा गोळ्या तोडल्यामुळे आत्महत्येपर्यंत वेळ येऊ शकते. उसने पैसे मागणे, पॉलिसी विकणे, नव्या बाईशी सलगी करणे, ऐकलेले बाहेर बोलणे, ही बाकीची लक्षणे कुणालाही कळतात. मारहाण करून डांबून ठेवणाऱ्या केंद्रांचा तर आधारगटाशी काही संबंध नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने व्यसनाच्या पेशंटलाही हक्क दिले आहेत.

घरच्यांसाठी वेगळे गट आहेत आणि ते पेशंट येवो न येवो, चालू असतात. बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ मध्ये ‘अल-अ‍ॅनॉन’ उभे केले, किशोरवयीन मुलांसाठीचे ‘अलाटीन’ १९५७ चे. मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट पत्नींसाठी आहे. नवऱ्याची बाटली ओतून देणे, ऑफिसला खोटा फोन करणे, त्याचे उधार चुकते करणे ही सगळी कामे वर्षानुवर्षे करणारी बाई तिथे पहिल्यांदा ऐकते, की यांतले काहीच तिचे कर्तव्य नव्हते. तो यायला तयार नसेल, तर तिने त्याच्यासाठी थांबून राहू नये.

गट शोधायला सुरुवात कुठून करायची? जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जवळच्या मीटिंगांची माहिती बहुधा असते. केंद्र सरकारची नशामुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्याची ‘टेली-मानस’ १४४१६ या दोन्ही विनामूल्य आहेत, आणि टेली-मानसवर मराठीतून बोलता येते. ए.ए.चे भारतातले मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे, तेथून गावोगावच्या मीटिंगांचे वार आणि पत्ते मिळतात. २०२० च्या टाळेबंदीत बंद झालेल्या खोल्यांच्या जागी झूमवरच्या मीटिंगा आल्या आणि टाळेबंदी उठल्यावरही टिकल्या. आखातात किंवा अमेरिकेत राहणारा मराठी माणूस त्यामुळे मराठीतल्या मीटिंगला बसू शकतो. कॅमेरा बंद ठेवून नुसते ऐकणे सुरुवातीला चालते, पण तोंडाचा वास पडद्यावरून कुणाला येत नाही, हे लक्षात ठेवून जमेल तेव्हा खोलीत जावे.

ज्यांचे पिणे घातक झाले आहे पण अवलंबित्वापर्यंत पोचलेले नाही, त्यांना गटाची गरज असेलच असे नाही. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये ‘संगत’ संस्थेने प्रशिक्षित, पण डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकडून मोजक्या भेटींत पिण्यावर काबू आणण्याचा प्रयोग केला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली आलेले त्याचे निष्कर्ष आशादायक होते.

आणि जवळपास काहीच नसेल तर? ए.ए.च्या परंपरेनुसार दारूपासून दूर राहण्यासाठी एकत्र आलेले दोन-तीन मद्यपाशी स्वतःला गट म्हणवू शकतात, फक्त तो गट दुसऱ्या कुठल्या संस्थेशी बांधलेला नसावा. मंजुरी लागत नाही, नोंदणी लागत नाही. वाचनालयाची किंवा शाळेची एक खोली मागून घ्यावी, राजकीय पुढाऱ्याची मात्र घेऊ नये. वार आणि वेळ ठरवावी आणि पहिले सहा महिने ती बदलू नये. दवाखान्यातल्या डॉक्टरांना, आशाताईंना, पोलीस ठाण्यातल्या हवालदाराला तेवढा वार सांगून ठेवावा, कारण दारूचा पेशंट आधी त्यांच्याच समोर येतो. सुरुवातीला कित्येक आठवडे दोघेच बसतील. त्या दोघांची मीटिंग तेवढ्या वेळेपुरती पूर्ण मीटिंगच असते.